शोधण्याचा मेहनताना

भिवंडीच्या कल्याण नाक्यावर, कोनगावच्या पुढे किंवा रात्रीच्या वेळी शीळफाट्याच्या अलीकडे बॉनेट उघडून उभी असलेली पिकअप आपण सर्वांनी पाहिली आहे. बहुतेक वेळा ती आपल्यापैकीच कोणाची तरी असते. हौद्यात ग्रे कापडाचे ताके, वर ताडपत्री, ड्रायव्हर मोबाईलवर शेठशी बोलतो आहे आणि एक पोरगा हातात वायरचा तुकडा घेऊन बॅटरीवरून थेट कुठेतरी जोड देतो आहे. अर्ध्या तासात गाडी निघते. शेठ खूश, ड्रायव्हर खूश, पोराच्या खिशात दोनशे रुपये. आमचे म्हणणे असे आहे की या तिघांचेही तिथे नुकसान झालेले असते आणि त्यात सर्वांत मोठा कसूर शेठचा असतो. हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. असे शेठ आम्ही स्वतः जवळजवळ दीड वर्ष होतो.

आमचा धंदा कापडाचा, पेढी कल्याणची. भिवंडीहून ग्रे माल उचलायचा, डोंबिवली एमआयडीसीत प्रोसेसला टाकायचा आणि तयार माल ठाणे, मुंब्रा, उल्हासनगरच्या दुकानदारांना पोहोचवायचा. गाडी २००९ सालची डिझेल पिकअप आहे. इंजिन अजून दमदार आहे, पाटे मजबूत आहेत, फक्त वायरिंग म्हातारी झाली आहे. नवी घ्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु बाजारात उधारी तीन-तीन महिने अडकलेली असताना हप्त्याचा नवा बोजा डोक्यावर घेणे आम्हाला जमणारे नव्हते आणि आमच्यासारखे अनेक आहेत.

त्रास सुरू झाला एका पावसाळ्यात. सकाळी सेल्फ मारला की इंजिन आळसावल्यासारखे अर्धा फेरा फिरे आणि थांबे. धक्का मारला की चालू. आम्ही बॅटरी बदलली. दोन महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले. मग कोणी म्हणाले, डायनॅमो चार्ज करत नाही (अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात), म्हणून त्याचे रिवाइंडिंग केले. दरम्यान ड्रायव्हरने दोन वेळा तक्रार केली की अ‍ॅक्सिलरेटरची केबल जाम होते. दोन्ही वेळा केबल बदलली. त्या केबलचा आणि बॅटरीचा काही संबंध असेल हे आमच्या ध्यानीमनीही आले नाही. आठ महिन्यांत दुसरी बॅटरी घेतली, गॅरंटीतून थोडी सूट मिळाली एवढेच. पुढे वही काढून बेरीज केली तेव्हा आकडा वीस हजारांच्या वर गेला होता आणि गाडी सकाळी धक्क्यानेच चालू होत होती.

शेवटी एका दुकानदार मित्राने कल्याणातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवले. वयाने आमच्याहून मोठे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच सांगितले, "शेठ, पाचशे रुपये शोधायचे. सामान लागले तर त्याचे पैसे वेगळे. काही लागले नाही तरी पाचशे."

आम्ही म्हणालो, "उस्ताद, नुसते बघायचे पाचशे?"

ते म्हणाले, "बघायचे नाही, शोधायचे. बघून तर आतापर्यंत सगळ्यांनी बघितलेच आहे ना?"

आम्ही घासाघीस केली. ती करायला नको होती. पण करत होतो, कारण तेच आम्हाला येते.

उस्तादांनी पाना काढला नाही, मीटर काढला. बाजारात काही शे रुपयांना मिळतो तसलाच साधा. त्याची एक सुई त्यांनी बॅटरीच्या मायनसवर ठेवली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. ड्रायव्हरला म्हणाले, मार सेल्फ. मीटरने जवळजवळ तीन व्होल्ट दाखवले. आम्हाला त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांनी विचारले, "मायनसपासून मायनसपर्यंत तीन व्होल्ट कशाला पाहिजेत? इथे शून्याच्या जवळ काही आले पाहिजे. पाव व्होल्ट चालेल."

मग ते गाडीखाली गेले. चेसिसपासून इंजिनापर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, तिला अर्थची पट्टी म्हणतात. आमच्या गाडीची पट्टी काळी-हिरवी होऊन तिचे बहुतेक धागे तुटले होते. जे चार उरले होते त्यांच्या टोकाचा बोल्ट गंजाने भरला होता. नवी पट्टी बसवली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वर व्हॅसलीन चोपडले. तीनशे रुपयांच्या आतले सामान. सेल्फ मारला आणि इंजिनाने नव्या गाडीसारखी उडी घेतली.

या ठिकाणी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीच्या निम्म्या दुखण्यांचे मूळ इथेच असते आणि ते एकदा समजले की पैसा वाचतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे मास्तरसाहेब विजेला 'बर्क' म्हणत आणि तारेच्या दोन टोकांना 'मुसबत' आणि 'मनफी'. सर्किटला ते 'दौर' म्हणायचे. दौर म्हणजे फेरा. तो शब्द पाठ केला, परीक्षेत लिहिला, पण त्यात काय सांगितले आहे ते पंचावन्नाव्या वर्षी गाडीखाली कळले. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि तिला परत बॅटरीत यावेच लागते. जाण्याच्या वाटेला आपण वायर टाकतो. परतीच्या वाटेला गाडीत वेगळी वायर क्वचितच असते. चेसिस, बॉडी, इंजिन, सगळे लोखंड हीच परतीची वाट. व्यापाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. माल वेळेवर गेला, वसुली परत आली नाही, तर दुकान कशाने बंद पडते? माल खराब होता म्हणून नव्हे. आम्ही दीड वर्ष माल बदलत होतो, वसुलीची वाट तुटलेली होती.

आता बाकीचा हिशोबही जुळतो. सेल्फ फिरवायला डिझेल इंजिनाला शेकड्यात मोजावे लागतील एवढे अँपिअर लागतात. एवढा प्रवाह चार धाग्यांतून परत येईना, म्हणून तो दुसरी वाट शोधत होता. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारे दुसरे लोखंड कोणते? अ‍ॅक्सिलरेटरची केबल! सेल्फ मारला की वीज त्या बारीक केबलमधून परतत होती, केबल तापत होती, आतले प्लास्टिक वितळत होते आणि ती जाम होत होती. दोन केबली आम्ही त्या पायी फेकल्या. अल्टरनेटरही इंजिनावरच बसवलेला, त्याचीही वसुली त्याच पट्टीतून. दिवे लावून गाडी चालू ठेवली तेव्हा बॅटरीच्या टोकांवर आधी १३.३ व्होल्ट मिळत होते, पट्टी बदलल्यावर १४.१. आकडा लहान दिसतो, पण बारा व्होल्टच्या बॅटरीला पोट भरायला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट लागतात. रोज अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट होत जाते आणि बॅटरी वेळेआधी मरते. म्हणजे बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर, केबल असे चार रोग नव्हतेच. रोग एक होता. चार दुकानांनी चार अवयव बदलले आणि चौघांनीही प्रामाणिकपणेच बदलले, कारण आम्ही प्रत्येकाकडे जाऊन स्वतःच सांगितले होते, 'बॅटरी टाक', 'सेल्फ खोल'. मर्ज सांगायच्या ऐवजी आम्ही दवा सांगत होतो.

ज्यांनी अजून मीटर विकत घेतलेला नाही त्यांनी घ्यावा आणि तीन आकडे लक्षात ठेवावेत. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ दाखवली तर ती अर्धी रिकामी आहे. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी तरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त खातो आहे. आणि इंजिन चालू असताना वर सांगितलेले चौदाच्या आसपासचे व्होल्ट. एवढ्यावर ड्रायव्हरलाही सांगता येते की दोष बॅटरीत आहे, चार्जिंगमध्ये आहे की वाटेत. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट असतात, तिथे हे आकडे दुप्पट समजावेत.

एक चाल मात्र आजच बंद करावी. चालू गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन बंद पडले नाही तर डायनॅमो ठीक, अशी परीक्षा अजून नाक्यानाक्यावर घेतली जाते. जुन्या काळच्या डायनॅमोला ती चालून गेली असेल. अल्टरनेटरला बॅटरीचा आधार अचानक तुटला की व्होल्ट उसळतात आणि डायोड, रेग्युलेटर उडतात. कॉम्प्युटर असलेल्या गाडीत तर त्याहून महागाचे सामान जळते. शिवाय जुन्या पंपाचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची फारशी गरजच उरत नाही, म्हणून ते चालत राहिले यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपले ड्रायव्हर याच कारणाने फसतात. दिवसभर चार्जिंग होत नसते, पण गाडी पळत असते. संध्याकाळी दिवे लावले की ते मेणबत्तीसारखे दिसू लागतात आणि तेव्हा गाडी कल्याण-शीळ रस्त्याच्या भर गर्दीत असते.

मागच्या दिव्यांचीही हीच कथा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लॅम्प उघडझाप करतो, असे दिसले की लोक बल्ब बदलतात, मग फ्लॅशर, मग स्विच. नव्वद टक्के उत्तर त्या दिव्याच्या अर्थच्या स्क्रूत असते (नव्वद टक्के हा आमचा अंदाज, कोणी मोजलेले नाही). दिव्याला स्वतःची परतीची वाट मिळत नाही, म्हणून त्याची वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून परतते आणि तो भलत्याच वेळी पेटतो. हौद्याचा फाळका वेल्डिंग केला, रंग मारला, दिवे रंगावरच बसवले, की हे होणारच. रंगातून वीज जात नाही. त्याच वेल्डिंगबद्दल आणखी एक: गाडीवर वेल्डिंग करताना आधी बॅटरीची मायनस सोडवावी आणि वेल्डरला त्याचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावायला सांगावा. नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह कुठल्या वाटेने परतेल याचा नेम नसतो.

आपल्या भागातले हवामानही विसरून चालत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडी आहे, चार महिने ओल आहे आणि पाणी भरणे आपल्याला नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही उल्हास नदीकाठची वस्ती पाण्यात होती. गाडी पाण्यात उभी राहिली की लोक इंजिन ऑइल बदलतात, सीट वाळवतात. वायरिंगकडे कोणी पाहत नाही, कारण ती लगेच बंद पडत नाही. पाणी वायरच्या कापलेल्या टोकातून आत शिरते आणि तांब्याच्या धाग्यांमधून वातीसारखे वर चढते. वरून इन्सुलेशन ठीक दिसते, सोलले की आत तांबे हिरवी भुकटी झालेले. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने कपलर उघडून आत हिरवेपणा आहे का हे जरूर पाहावे. बॉडीचा रंग नवा करता येतो, कपलर खोटे बोलत नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. उस्तादांनी आमच्या गाडीचा फ्यूज बॉक्स उघडला तेव्हा हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. ड्रायव्हरला विचारले तर म्हणाला, "शेठ, फ्यूज सारखा उडत होता. तुम्हीच म्हणालात, काहीही कर पण माल आज डोंबिवलीला पोहोचव." खरे होते. आम्हीच म्हणालो होतो.

फ्यूज सारखा का उडत होता? गाडीबरोबर आलेले बल्ब ६० वॅटचे होते. दोन बल्ब मिळून १२० वॅट, बारा व्होल्टला दहा अँपिअर. ड्रायव्हरने रात्री नीट दिसावे म्हणून १०० वॅटचे टाकले. आता झाले सोळा-सतरा अँपिअर, आणि तेही त्याच जुन्या वायरीतून, त्याच जुन्या स्विचमधून. फ्यूज आपले काम करत होता, आम्ही त्याचा गळा दाबला. पुष्कळांना वाटते फ्यूज दिवा वाचवायला असतो. फ्यूज वायर वाचवायला असतो. त्याच्या जागी जाड तार घातली की मग गाडीतली सर्वांत बारीक वायर फ्यूज बनते, आणि ती डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली किंवा हौद्याखाली, जिथे असेल तिथे पेटते. बाजारात लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. दहाच्या जागी वीसचा बसवणे हेही तार गुंडाळण्याचेच सभ्य रूप आहे. जास्त उजेड हवाच असेल तर रिले लावून बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि तिचा वेगळा फ्यूज घ्यावा, स्विचवर भार टाकू नये. आणि फ्यूज पुन्हा उडालाच तर तो उडाला का हे शोधल्याशिवाय दुसरा लावू नये.

हौद्यात लोखंडाचे पाइप असते तर एक गोष्ट. आपण कापड वाहतो. पॉलिस्टर वितळते आणि चिकटते. सुती गाठ आतल्या आत धुमसत राहते, वरून विझली असे वाटते आणि तासाभराने पुन्हा धूर सोडते. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर असतात. आम्ही त्या रात्री घरी बसून हिशोब केला की ती तांब्याची तार लावल्यापासून गाडीने किती फेऱ्या मारल्या असतील. दीडशे तरी. प्रत्येक फेरीत दुसऱ्याचा माल आमच्याकडे अमानत होता. व्यापाऱ्यांनी आपले ताके विश्वासाने दिले होते आणि दोन घरची माणसे त्या केबिनमध्ये बसत होती. काही झाले नाही, यात आमची हुशारी शून्य.

आता मुद्द्यावर येतो. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. सहा हजारांची बॅटरी घेताना फार तर दोनशे कमी करा म्हणतो, पण कोणी कारागीर म्हणाला की दोन तास लागतील, पाचशे रुपये द्या, तर आपल्याला लुटल्यासारखे वाटते. मग कारागीर काय शिकतो? शोधण्यात वेळ घालवला तर उपाशी राहीन, वस्तू बदलली तर मजुरीही मिळेल आणि सामानाच्या दुकानातून थोडे कमिशनही. तो तेच करतो. वायर कुठे तुटली हे शोधण्याऐवजी नवी वायर थेट ओढतो. अशी पाच वर्षे गेली की गाडीच्या मूळ वायरिंगवर दुसरी एक बेवारस वायरिंग उभी राहते. त्यात घरगुती फिटिंगची वायर असते, सगळी एकाच लाल रंगाची, नुसती पिळून टेप मारलेली. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. पुढच्या कारागिराला त्यातले काहीच उलगडत नाही, म्हणून तोही थेट ओढतो. याला जबाबदार त्या पोरापेक्षा आपण जास्त आहोत.

आमचा एक शेजारी व्यापारी यावर म्हणाला, "आणि पाचशे देऊन काही सापडले नाही तर?" आम्ही त्याला विचारले, तुमच्याकडे ताके तपासणारा माणूस आहे ना? प्रत्येक ताका उजेडावर ओढून बघतो, कुठे बाना सुटला, कुठे डाग आहे. ज्या ताक्यात काही निघाले नाही त्याची मजुरी तुम्ही कापता का? तो हसला. कापडात जे आपल्याला कळते ते गाडीत कळत नाही, एवढेच.

आता दोन शब्द कारागीर बांधवांना. शोधण्याचे पैसे मागायचे तर शोधता आले पाहिजे. मुंब्रा, राबोडी, कल्याण, भिवंडी इथे आपल्या समाजाची कितीतरी मुले गॅरेजात पाने देता देता हुनर शिकतात. त्यांचा हात साफ असतो, पण मीटर कोणी हातात देत नाही. टेस्ट लॅम्प लावला, पेटला, म्हणजे वीज आहे, इथे त्यांचा तपास संपतो. दिवा पेटायला थोडा प्रवाह पुरतो. सडक्या जोडातूनही तेवढा मिळतो. त्याच जोडातून सेल्फचा प्रवाह मागितला की तो कोसळतो. म्हणून भार चालू असताना जोडाच्या अलीकडे-पलीकडे व्होल्ट मोजायचे असतात. उस्तादांनी आमच्या गाडीत तेच केले होते. जर्मनीतल्या ओम नावाच्या एका शाळामास्तरने १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला. तो कल्याणच्या रस्त्यावर आजही तसाच लागू आहे आणि तो शिकायला इंग्रजीची गरज नाही.

आपल्या विणकरांकडूनही एक धडा घेण्यासारखा आहे. मागावर ताण्याची तार तुटली की विणकर ती दोन बोटांत अशी गाठ मारून जोडतो की गाठ फणीतून सरकन पार होते आणि कापडात हाताला लागत नाही. तुटलेली तार बाजूला ठेवून दुसरी कुठून तरी ओढायची हे त्याला शोभत नाही. वायरचा जोडही तसा असावा. सोल्डर करून किंवा थिंबल दाबून पक्का, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, मूळ रंगाला मूळ रंग. आणि काम झाल्यावर काय सापडले, काय केले, हे चिठ्ठीवर दोन ओळीत लिहून द्यावे. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पुढच्या कारागिराला ते वाचून अर्धा तास वाचेल. आमचे उस्ताद लिहून देत नाहीत, हे सांगितले पाहिजे. ते म्हणतात, सगळे डोक्यात आहे. त्यांचे डोके सत्तरीला आले आहे.

पुढचे दिवस मापाशिवाय निभणार नाहीत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत इंजिनच कॉम्प्युटरच्या ताब्यात आहे. एका सेन्सरचा अर्थ ढिला झाला तरी गाडी जागेवरून हलत नाही. तिथे अंदाजाने थेट वायर ओढणारा हजारोंचे नुकसान करून बसेल. आणि जुन्या गाडीवाल्यांनाही सुटका नाही. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, पंधरा वर्षांवरील गाडीची फी केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढवली, आणि तिथे ब्रेक लाइट, इंडिकेटर, हेडलाइट तपासलेच जातात. आदल्या रात्री थेट जोडलेले दिवे फिटनेसपुरते पेटतात, हे आम्हाला माहीत आहे. कसे माहीत, ते विचारू नये.

आमच्या गाडीत उस्तादांना आणखी एक चोर सापडला. ईदला गाडी चार दिवस उभी राहिली आणि पाचव्या दिवशी बॅटरी सपाट. या वेळी आम्ही बॅटरीच्या दुकानाकडे धावलो नाही. उस्तादांनी चावी बंद करून बॅटरीची मायनस काढली आणि तिच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावला. (असा मीटर लावून कोणी सेल्फ मारू नये, मीटरचाच फ्यूज उडतो.) उभ्या गाडीत ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त जाऊ नये, आमच्याकडे अर्धा अँपिअर जात होता. अर्धा गुणिले शहाण्णव तास, म्हणजे अठ्ठेचाळीस अँपिअर-तास; ८० च्या बॅटरीचे अर्ध्याहून जास्त पाणी गळून गेले. मग एकेक फ्यूज काढत गेले. एक काढताच मीटर खाली आला. ड्रायव्हरने बसवलेला टेप, त्याची वायर चावीच्या अलीकडून घेतलेली. ती चावीच्या पलीकडे घेतली, काम संपले. सामान शून्य, पाचशे रुपये. या वेळी आम्ही घासाघीस केली नाही.

सध्या गाडी रोज भिवंडी-डोंबिवली करते. हल्ली मोठागाव-माणकोली पुलामुळे तो फेरा लहान झाला आहे. डावा इंडिकेटर कधी कधी घाईघाईने लुकलुकतो, म्हणजे त्या बाजूचा एखादा बल्ब तरी गेला आहे किंवा त्याची वाट तुटली आहे. ड्रायव्हर म्हणतो बल्ब आणतो. आम्ही सांगितले, आधी अर्थचा स्क्रू काढून घास, मग बोलू. तरीही नाही झाले तर बुधवारी उस्तादांकडे पाठवणार आहोत. त्यांनी दर सहाशे केला आहे.